सत्तावीस फुटांची भागीदारी

सकाळी 6.40

"ताई, झोपमोड केली का? रात्रीतून पट्टा मारलाय त्यांनी. पांढऱ्या पेंटचा. आत 102 आकडा, चांगला हातभर."

काकांच्या आवाजात रागापेक्षा अपमान जास्त आहे. तीस वर्षांच्या शेजाऱ्यानं न विचारता जमिनीवर रंग मारावा, हे त्यांना गिळवत नाही. उद्या सव्वाअकराला त्यांच्या फ्लॅटच्या रजिस्ट्रीचा स्लॉट आहे. घेणाऱ्याचं कर्ज मंजूर झालंय, निम्मं सामान पुण्याला जायला बांधून तयार आहे. आणि सगळं अडलंय ते खाली स्टिल्टमध्ये, खांबांच्या मधल्या एका पट्टीवर. तिथं एकामागे एक अशा दोन गाड्या राहतात, एक काकांची, 301 ची, आणि एक 102 च्या डॉक्टरांची.

"पेंटला हात लावू नका काका. फोटो काढून ठेवा. आणि मी येईपर्यंत डॉक्टरांशी बोलू नका."

खरेदीखतं तपासणं हा माझा धंदा. या शहरातल्या जुन्या इमारतींमधली भांडणं तीनच ठिकाणी उगवतात: गच्ची, पाणी आणि पार्किंग. पहिल्या दोन्हींत लोक एकमेकांशी भांडतात तरी. पार्किंगमध्ये बोलणंच बंद होतं.

सकाळी 7.45

हिमायतनगरात गल्ल्यांना नंबर आहेत, घरांना 3-6 नं सुरू होणारे लांबलचक आकडे आहेत, आणि पत्ता सांगताना माणसं दोन्ही सोडून 'बालाजी मंदिराच्या मागे', 'मिनर्व्हाच्या पुढे' असंच सांगतात. आमच्या नांदेडकडच्या पाहुण्यांचा आणखी एक घोळ होतो. त्यांचं हिमायतनगर म्हणजे तालुक्याचं गाव, जुनं वाढोणा. हे हैदराबादचं हिमायतनगर सातव्या निजामाचे थोरले चिरंजीव हिमायत अली खान आझम जाह यांच्या नावाचं, एकेकाळी बंगल्यांचं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत त्यातले कितीतरी बंगले बिल्डरांकडे गेले. जमीन मालकाची, बांधकाम बिल्डरचं, फ्लॅट ठरल्या हिश्श्यानं वाटून घ्यायचे. मालकाच्या वाट्याचे फ्लॅट एका मसुद्यानं विकले गेले, बिल्डरच्या वाट्याचे दुसऱ्या. पार्किंगची बरीच दुखणी या दोन मसुद्यांच्या फटीत सापडतात. काकांची इमारत अशीच: चार मजले, दहा फ्लॅट.

वॉचमनला विचारलं, "अन्ना, रंग कोणी मारला?"

"नाकु तेल्वदु, मॅडम." माहीत नाही म्हणताना त्यानं हात मागे घेतले. बोटांवर पांढरा रंग तसाच होता. मी पुढं विचारलं नाही. ज्याला दहा घरांची कामं करायची असतात त्याला साक्षीदार करू नये.

सकाळी 8.00

टेप माझ्या पर्समध्ये कायम असतो. एक टोक अन्नानं धरलं. मोकळी पट्टी 27 फूट लांब, 8 फूट रुंद. तिच्या मागे भिंतीपर्यंत आणखी तीनेक फूट, पण तिथं दोन मेलेल्या स्कूटर, पाण्याची एक फुटकी टाकी आणि कुणाच्या तरी मुलाचा पाळणा.

भांडणाचं मूळ टेपवरच दिसतं. 1990 च्या दशकात इथं दोन मारुती 800 उभ्या राहायच्या. त्या गाडीची लांबी 3,335 मिलिमीटर, म्हणजे अकरा फुटांच्या आतच. दोन मिळून 22 फूट, मधून माणूस निघून जाई. आज डॉक्टरांची गाडी चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. कर कमी बसावा म्हणून कंपन्या गाड्या मुद्दाम याच मापात कोंबतात. घेणाऱ्या मुलाकडे क्रेटा, सव्वाचार मीटरच्या वर. दोन्हींची बेरीज 27 फुटांना ओलांडते. बंपरला बंपर लावला तरी एक गाडी चार बोटं बाहेर. माणसं तीच, पट्टी तीच, गाड्या वाढल्या.

आणि रुंदी? आरामात दार उघडायचं तर मोठ्या गाडीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात, म्हणजे सुमारे 135 चौरस फूट. जुन्या खरेदीखतांत मात्र सर्रास 'कार पार्किंग 100 चौरस फूट' लिहिलेलं असतं. बिल्डरनं हा आकडा कुठून आणला ते 27 ला 8 नं गुणलं की कळतं. 216. एका पट्टीत दोन शंभर बसवले, वर सोळा फूट त्याची दानत.

सकाळी 10.00

ऑफिस. टेबलावर तीन कागद: काकांचं 1994 चं खरेदीखत, डॉक्टरांच्या खरेदीखताची नक्कल आणि मंजूर नकाशा.

काकांच्या खतात सगळं आहे. जमिनीतला अविभाज्य वाटा 38 चौरस यार्ड, प्लिंथ एरिया 1,050 चौरस फूट, फ्लॅटच्या चारही सीमा: पूर्वेला कॉरिडॉर, पश्चिमेला मोकळं आकाश वगैरे. आणि शेवटी 'स्टिल्टमध्ये 100 चौरस फूट कार पार्किंग'. नंबर नाही, सीमा नाहीत, पुढची की मागची ते नाही. डॉक्टरांच्या खतात हेच शब्द, फक्त वाक्याची जागा वेगळी. ईसी, म्हणजे बोजा दाखला, 1983 पासूनचा काढलाय, स्वच्छ आहे. पण ईसीत बोजा दिसतो, गाडी कुठं लावायची ते दिसत नाही. नकाशात तर आणखी गंमत. जिथं आज वॉचमनची खोली आहे तिथं नकाशावर गाडी काढलेली आहे. या गोष्टीबद्दल इमारतीत कुणीच बोलत नाही, मीही बोलणार नाही.

मग तीस वर्षं चाललं कसं? काकांच्या शोकेसमध्ये डॉक्टरांच्या गाडीची डुप्लिकेट चावी असे आणि डॉक्टरांच्या फ्रिजवर काकांच्या गाडीची. पहाटे ज्याला निघायचं त्यानं दुसऱ्याची गाडी काढायची, आपली काढायची, दुसऱ्याची परत लावायची. काकूंच्या बायपासच्या रात्री डॉक्टरांनीच दोन्ही गाड्या हलवल्या होत्या. हे कुठंच लिहिलेलं नाही, कारण लिहायची वेळच आली नाही.

पण काका विकताहेत त्यात ही चावी येत नाही. फ्लॅट विकता येतो, 38 यार्ड विकता येतात. डॉक्टरांचा काकांवरचा भरवसा उद्या सव्वाअकराला क्रेटावाल्याच्या नावावर चढवता येत नाही, हे डॉक्टरांना काकांच्या आधी कळलं. रात्री रंग मारणं वाईटच, पण त्यामागची भीती खोटी नाही.

दुपारी 12.00

घेणारा मुलगा आला. माधापूरला सॉफ्टवेअरमध्ये. सोबत त्याच्या वकिलाचा मसुदा: 'स्वतंत्र, झाकलेलं, राखीव कार पार्किंग क्रमांक 3'. जाहिरातीत दलालानं 'एक कव्हर्ड पार्किंग' लिहिलं होतं, त्यावरून हे वाढलं.

"हे मी लिहू देणार नाही," मी म्हटलं. "काकांच्या खतात क्रमांक 3 नाही. जे त्यांना मिळालं नाही ते ते तुला देऊ शकत नाहीत. आणि तू उद्या हे घेऊन डॉक्टरांना हलवायला गेलास तर कोर्टात दोन खतं समोरासमोर ठेवतील, त्यांचं तुझ्यापेक्षा जुनं."

त्यानं फोन पुढं केला. व्हॉट्सॲपवर फिरणारा निकाल. मजकूर नेहमीचा: 'सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, पार्किंग विकताच येत नाही!'

हा निकाल खराच आहे. फक्त लोक त्याचं शेवटचं वाक्य वाचतात. मुंबईत दहिसरला पांचाली नावाची सोसायटी, तिच्याविरुद्ध बिल्डर नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड. स्टिल्टमधल्या 25 जागा आपल्या आहेत, आपण त्या कुणालाही विकू, असं बिल्डरचं म्हणणं. 31 ऑगस्ट 2010 ला न्यायमूर्ती आर. एम. लोढा आणि ए. के. पटनाईक यांनी ते फेटाळलं. स्टिल्टमधली जागा म्हणजे फ्लॅट नव्हे, 'गॅरेज'ही नव्हे, ती सामाईक सोयींचा भाग, बिल्डरला ती सुटी विकता येणार नाही. पण हे सगळं महाराष्ट्राच्या 1963 च्या मोफा या फ्लॅट-मालकी कायद्यातल्या व्याख्यांवर उभं आहे. शिवाय तिथं निदान नियमानं जमीन सोसायटीच्या नावावर, सभासदाच्या हाती शेअर सर्टिफिकेट, पार्किंगचं वाटप सोसायटीच्या हातात. जागा कमी पडली तर चिठ्ठ्या टाका, असं आदर्श उपविधी सांगतात.

हैदराबादचं तसं नाही. इथं जमिनीचा तुकडा प्रत्येकाच्या खतात यार्डांनी मोजून दिलेला. असोसिएशन संस्था कायद्याखाली नोंदलेली. ती मेंटेनन्स गोळा करते, लिफ्टवाल्याला बोलावते, पण तिच्या नावावर काही नसतं. 1987 चा अपार्टमेंट कायदा, जो तेलंगणानं पुढं आपलासा केला, पार्किंगला सामाईक जागांत मोजतो, आणि खरेदीखतं त्याच जागेचे शंभर-शंभर फूट वाटत सुटतात. दोन्ही एकाच वेळी खरं. त्या फटीत बसून माझं घर चालतं, तेव्हा फार तक्रार करू नये.

"मग मला नक्की काय मिळणार?" त्यानं विचारलं. सरळ प्रश्न, आवडला मला.

"काकांना होतं तेच. स्टिल्टमध्ये शंभर फूट, 102 शी वाटून. आणि हे तुला माहीत आहे, अशी तुझी सही."

ती सही काकांसाठीही हवी. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 विकणाऱ्यावर जबाबदारी टाकतं: मालमत्तेतला किंवा हक्कातला जो महत्त्वाचा दोष तुला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साध्या काळजीनं त्याला सापडणारही नाही, तो सांगून टाक. एकामागे एक लागणारी गाडी हा दोष मानायचा का, यावर वकील दिवसभर बोलू शकतात. सांगून टाकायला अर्धं मिनिट लागतं. गिऱ्हाइकं घाबरतात, सांगितलं तर सौदा मोडेल म्हणून. माझ्या पाहण्यात सौदे लपवल्यानं जास्त मोडलेत.

मुलगा किंमत कमी करा म्हणाला. काका फोनवर म्हणाले, पैसे नाही, दोन एसी सोडून जाईन. मिटलं.

दुपारी 3.00

रजिस्ट्रारच्या ऑफिसात दुसऱ्याच कामाला. जाता जाता उद्याचे आकडे पुन्हा तपासले. स्टॅम्प ड्यूटी साडेपाच टक्के, ट्रान्सफर ड्यूटी दीड, नोंदणी अर्धा, मिळून साडेसात. एवढा पैसा ओतून झाल्यावर खतात पार्किंगची चुकीची ओळ निघाली तर दुरुस्तीच्या दस्ताला पुन्हा दोन्ही बाजू लागतात. एक बाजू तेव्हा पुण्याला, गुडघ्यांच्या ऑपरेशनच्या तयारीत. म्हणून सगळ्यांची बैठक आज संध्याकाळीच.

दुपारी 4.30

काकांचा मुलगा, न्यू जर्सीहून. त्याच्याकडे सकाळचे सात. त्यानं रात्री जागून पार्किंगचं गणित मांडलंय, फुटाला किती भाव ते काढलंय, डॉक्टरांना नोटीस पाठवा म्हणतो. मी विचारलं, नोटिशीला उत्तर द्यायला पंधरा दिवस देऊ की तीस? स्लॉट उद्या आहे. तो हसला. मग हळूच विचारलं, "डॉक्टरकाका ठीक आहेत ना?" याच डॉक्टरांनी त्याच्या गोवर-कांजिण्या काढल्या होत्या.

संध्याकाळी 6.30

स्टिल्टमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या. मी मुद्दाम कुणाच्या घरात बसायचं टाळते. घरात चहा येतो आणि माणसं सभ्य होतात, खरं बोलत नाहीत. इथं ती पट्टी सगळ्यांना दिसतेय, 102 आकड्यासकट.

डॉक्टरगारू आधीच तापलेले. "कादु मॅडम, मी यांना कधी अडवलं का विचारा. मला सव्वासहाला वॉर्डमध्ये जायचं असतं. आजारी पोरं माझी गाडी निघायची वाट बघत बसतात का? उद्या हा मुलगा रात्री साडेदहाला येऊन पुढे लावणार, आणि पहाटे मी काय त्याच्या दारावर थापा मारू?"

मुद्दा बिनतोड. एकामागे एक लावायच्या जागेचा हिशेबच असा असतो: जो उशिरा येतो तो पुढे लागतो, आणि जो लवकर उठतो त्याची वाट अडवतो. डॉक्टर लवकर उठणारे, मुलगा उशिरा येणारा. भांडायला आणखी कारण लागत नाही.

"वॉचमनकडे चावी ठेवा दोघांनीही," असोसिएशनचे सेक्रेटरी म्हणाले.

"सर, माझ्या गाडीच्या दोनच चाव्या," मुलगा म्हणाला. "एक माझ्याकडे, एक बायकोकडे. स्मार्ट चावी ती, जवळ असली की गाडी सुरू होते. ती खिळ्याला टांगायची म्हणजे गाडीच टांगायची."

काका उठले. "आमच्या वेळी..." आणि बसले. काकूंनी त्यांचा सदरा ओढला होता.

मी सकाळचे आकडे वाचून दाखवले. 27 फूट, मागचे तीन फूट, गाड्यांची लांबी. स्कूटर आणि टाकी हलवली तर दोन गाड्या बसतात, हे मान्य झालं. स्कूटर कुणाच्या, यावर पाच मिनिटं कुणीच आपल्या म्हणेना, मग एक सेक्रेटरींच्याच मेव्हण्याची निघाली. पाळण्यावर हक्क सांगायला कुणी आलं नाही. पण जागा झाली तरी वेळेचा प्रश्न राहतोच. टेपनं वेळ मोजता येत नाही.

तेवढ्यात 202 च्या मांजी आपली घडीची खुर्ची घेऊन आल्या. जुनं कायस्थ घर, गल्लीतला बंगला गेला तेव्हा फ्लॅटमध्ये आल्या. गेटजवळची सुटी एकेरी जागा त्यांची. त्यांच्या खतात ती 'गेटच्या डावीकडे' अशी स्पष्ट लिहिलेली, कारण तो मालकाच्या वाट्याचा फ्लॅट, मसुदा वेगळा. गाडी नाही. तिथं कपड्यांचा स्टँड आणि सणाला रांगोळी.

सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मेरी जगा डॉक्टरसाब कू देदो. मेरेकू कौनसी मोटर चलानी है?"

सगळे गप्प. हे इतकं सोपं होतं का? होतं. पण कुणी त्यांना विचारलंच नव्हतं, कारण गाडी नसलेल्या माणसाला पार्किंगच्या बैठकीला बोलवायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात येत नाही.

मला मात्र लगेच पुढचं दिसलं. मांजींनी आज चांगुलपणानं जागा दिली. आणखी दहा वर्षांनी 202 विकायला निघाला की पुन्हा हीच बैठक, त्या वेळचे डॉक्टर म्हणतील, मी तर इतकी वर्षं इथंच लावतोय. म्हणून म्हटलं, "मांजी, दान नको. अदलाबदल करू. तुमची जागा वापरायला डॉक्टरांना. त्यांचा या पट्टीतला वापर तुमच्याकडे. आणि तिघांपैकी कुणीही घर विकलं की त्याच दिवशी हा कागद संपला, ज्याचं त्याच्या खतात जे आहे ते परत."

डॉक्टर विचारात पडले. "म्हणजे उद्या मांजींनी विकलं तर मी पुन्हा मागे?"

"हो. आणि येणाऱ्याला ते आधी सांगितलेलं असेल, यावेळी जसं सांगतोय तसं."

"सरे," ते म्हणाले. तेलुगूतला हा शब्द होकाराचा, पण त्यांच्या तोंडी तो वैतागाचाही असतो.

मुलाची एकच अट: आधी नंबर पुसा, मग सही. डॉक्टरांनी अन्नाला थिनर आणायला पाठवलं. अन्नानं ते इतक्या चटकन आणलं की तो डबा आधीच कुठंतरी ठेवलेला असणार. काका खुर्चीवरून म्हणाले, "कोपऱ्यातलं राहिलं बघ, डॉक्टर." तो सकाळपासूनचा त्यांचा पहिला थेट शब्द.

रात्री 8.30

लॅपटॉप काकांच्या रिकाम्या होत चाललेल्या डायनिंग टेबलावर. दोन वेगळे कागद करतेय, आणि ते वेगळे राहिले पाहिजेत. खरेदीखतात पार्किंगची ओळ 1994 च्या खतातली, अक्षरशः तीच, वर एक वाक्य: ही जागा 102 सह एकाच पट्टीत, एकामागे एक असल्याचं घेणाऱ्यानं पाहिलं आहे. मांजींचं, अदलाबदलीचं, त्यात एक अक्षर नाही.

दुसरा कागद शंभरच्या स्टॅम्प पेपरवर, तिघांच्या आणि असोसिएशनच्या सह्यांचा. हा फक्त वापर आहे, मालकी नाही. भाडं नाही. कुणाचंही घर विकलं गेलं की वापर संपला, महिनाभर आधी कळवायचं. रंग, नंबर, साखळी, खांबाला कुलूप, काही लावायचं नाही. मागचे तीन फूट मोकळे ठेवायची जबाबदारी असोसिएशनची. पाच कलमं झाली.

मांजी वाचायला बसल्या. चष्मा दोनदा पुसला. "छे," त्या म्हणाल्या, "मेरे छोरे का इसमें नहीं है."

त्यांचा मुलगा बंगळूरूला. संक्रांतीला आणि दिवाळीला गाडी घेऊन येतो. डॉक्टर म्हणाले, अम्मा, मी काय नाही म्हणणार आहे का? "नक्को डॉक्टरसाब, लिखना," मांजी ठाम. तेव्हा सहावं कलम: 202 चा मुलगा आला की 102 नं गेटजवळची जागा रिकामी करावी, दोन दिवस आधी निरोप द्यावा, तेवढे दिवस डॉक्टरांची गाडी रस्त्यावर. डॉक्टरांनी 'जास्तीत जास्त चार दिवस' घालायला लावलं. मांजींनी पाच म्हटलं. पाच टाइप केलं, आणि त्यांच्या आग्रहावरून पुढं एक ओळ वाढवली, की गाडीचं तेल रांगोळीच्या जागी गळणार नाही याची काळजी 102 नं घ्यावी. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली आणि पेन मागितलं.